मॅरिटचं पान, मॅरिटच्या शब्दांत

९ जानेवारी, मंगळवार

मलाच दिलं! पथकप्रमुख कोरिनने आज चर्चच्या तळघरात सगळ्या आयांसमोर जाहीर केलं — यंदा मुलींच्या स्काउट पथकाच्या ऑनलाइन कुकीविक्रीवर देखरेख रेनाटा ठेवणार. शेरिलिनचं तोंड बघण्यासारखं झालं. "नियम काय, गेल्या वर्षीचेच ना?" म्हणते. गेल्या वर्षीचे तरी कुठे वाचले होते हिने!

अकरा पानी नियमावली आहे. घरी येऊन दोनदा वाचली. मुख्य नियम असा: प्रत्येक मुलीने आपलं विक्रीचं पान स्वतः, स्वतःच्या शब्दांत लिहायचं. आईबापांनी नुसती देखरेख करायची. पान ओळखीच्यांनाच पाठवायचं, खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकायचं नाही. अगदी योग्य. हा सगळा खटाटोप मुलींनी धीट व्हावं म्हणून आहे, आया आधीच फार धीट आहेत.

सहाशे पुडे विकणाऱ्या मुलीला उन्हाळ्यात तळ्याकाठच्या घोड्यांच्या कॅम्पात आठवडाभर फुकट! १९९१ साली मी चार पुड्यांनी हुकले होते. चार! माझी मॅरिट हुकणार नाही.

१३ जानेवारी, शनिवार

मॅरिटने पान लिहिलं. "मी मॅरिट. माझ्याकडे कुकीज आहेत. हव्या असल्यास कळवा."

"अगं, ही काय पाणी बंद राहणार असल्याची नोटीस आहे?"

"पण आई, एवढंच सांगायचंय ना?"

अकरा वर्षांची पोर. वर्गात हात वर करायचा तर आधी दहा मिनिटं विचार करते. म्हणून मी थोडी देखरेख केली. आधी एकच वाक्य सुधारलं. मग त्याच्या शेजारचं एकटं पडलं म्हणून तेही. शेवटी लिहिलं, "घोड्यांच्या डोळ्यांत बघून त्यांच्याशी बोलायचं, हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न आहे!!"

तिने वाचलं. "माझं स्वप्न आहे हे मला माहीत नव्हतं," म्हणाली, आणि कुत्र्याला फिरवायला गेली.

१४ जानेवारी

एका दिवसात अडतीस पुडे!!

२० जानेवारी, शनिवार

सापडली! शेरिलिनने तिच्या पेस्लीचं पान गावच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकलंय — वर कोणाचं तरी जुनं बर्फ काढायचं यंत्र, खाली कोंबड्यांचं खुराडं, मध्ये पेस्ली. मी स्क्रीनशॉट काढून लगेच कोरिनला पाठवला. पान चार दिवस बंद.

शेरिलिनचा फोन आला. "रेनाटा, मुलांच्या कुकीज आहेत, बॉम्ब नाहीत!"

मी शांतपणे म्हटलं, "शेरिलिन, आज ग्रुपवर पान, उद्या काय?" तिने फोन आपटला. खरं तर उद्या काय, ते मलाही माहीत नव्हतं.

२७ जानेवारी, शनिवार

आता मॅरिट रोज काहीतरी लिहिते. म्हणजे मी. कामावर, दवाखान्याच्या काउंटरवर, दोन पेशंटच्या मध्ये. अकरा वर्षांच्या मुली कशा लिहितात याचा अभ्यास केला. उद्गारचिन्हं सढळ हाताने, मधूनच एखादी चूक. आमची खरी मुलगी चुकाच करत नाही, त्यामुळे तिच्या वह्यांचा काही उपयोग झाला नाही.

डॉक्टर हॅल्वर्सन मागून वाचत होते. "रेनाटा, दातांच्या दवाखान्यात गोड विकताय?"

"डॉक्टर, तुमचाच धंदा वाढतोय." त्यांनी सहा पुडे घेतले.

एकूण दोनशे बारा. नवरोबा डेल जेवताना म्हणाला, "पोरगी त्या पानावर एवढी बोलते, इथे मीठसुद्धा मागत नाही." मॅरिटने ताटातून मान वर केली नाही.

दुपारी ती एकटीच घसरगाडीवर पुडे लादून आमच्या रस्त्याने दारोदार फिरली. बाहेर उणे पंधरा! मी म्हटलं, कशाला, पान आहे ना? "हेही नियमात आहे ना, आई?" दोन तासांनी लालबुंद नाकाने परत आली. तीन पुडे खपले. तीन! पण खुशीत होती. मिस्टर पीटरसेनने म्हणे तिला त्याचं लाकडी बदकांचं कपाट दाखवलं. दोन तासांत तीन पुडे आणि बदकं! या पोरीचं कसं व्हायचं.

४ फेब्रुवारी, रविवार

काल जरा वाहवत गेले. लिहिलं, "आजी गेल्यापासून घरात पुदिन्याच्या कुकीचा पुडा कोणी उघडत नाही..." आजी गेली हे खरंच आहे. फ्लोरिडाला. ती कुठे गेली ते मी लिहिलं नाही, एवढंच. त्याला खोटं म्हणत नाहीत.

लोकांनी एकमेकांना पाठवलं. मी कुठल्याही ग्रुपवर टाकलेलं नाही, हे इथे नमूद करते. एका रात्रीत एकशे नव्वद पुडे!

सकाळी सासूबाईंचा फोन. "रेनाटा, मी गेले म्हणे? कळवायचंत तरी! आज पोहायचा क्लास होता, रद्द केला असता."

मी नुसतं अं-अं करत राहिले. डेल हसून हसून टेबलाखाली जायचा बाकी होता. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं, बारा पुडे टाक माझे. पुदिन्याचे. दुखवट्याचे." बाई खमकी आहे. मॅरिट मात्र रोज शाळेनंतर घसरगाडी घेऊन दारोदार, दिवसाला दोन-तीन पुडे.

१० फेब्रुवारी, शनिवार

किराणा दुकानाबाहेर पथकाचा स्टॉल. लोक विचारत येत होते, "ती आजीवाली मुलगी कुठली?" मी अभिमानाने मॅरिटला पुढे केलं.

एका बाईने तिला छातीशी धरलं. डोळ्यांत पाणी. "बाळा, तुझ्या आजीचं वाचून फार वाईट वाटलं गं."

मॅरिट म्हणाली, "माझी आजी फ्लोरिडात आहे. ती मंगळवारी पत्ते खेळते."

मी पटकन म्हटलं, "ती दुसरी आजी!" बाईने पाच पुडे घेतले. मॅरिट माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. फळ्यावरचं गणित समजत नसलं की बघते, तशी.

परत येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला. "आई, पानावरची मॅरिट तुला जास्त आवडते ना?"

"काहीतरीच काय! ती तूच आहेस."

तिने खिडकीच्या काचेवर बोटाने बदक काढलं. मी रेडिओ लावला. वाईट वाटलं. मग वाटलं, कॅम्पाला जाऊन आली की समजेल तिला, आई कोणासाठी करत होती.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचशे अठ्ठ्याऐंशी. आणि आजच हे!

कोरिनचा फोन — "रेनाटा, वरच्या कौन्सिलकडे तक्रार गेली आहे. तुमच्या पानाबद्दल. चौकशी होणार."

"कोणी केली?"

"नाव सांगता येत नाही. नियम आहे."

कसले भिकार नियम आहेत एकेक! आणि नाव कशाला हवं? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. संध्याकाळी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. शेरिलिन कोबीची कोशिंबीर वाढून घेत होती, तिथेच गाठली.

"सूड उगवलास ना?"

"कसला?"

"तक्रारीचा!"

तिने चमचा खाली ठेवला. "रेनाटा, मी तक्रार केली असती तर नाव लिहून केली असती. आणि एक प्रत तुझ्या दारावर चिकटवली असती. ती पानावरची पोर तुझी नाही हे पथकातल्या बारक्या पोरींनाही माहितीये. तुझी मुलगी माझ्या घरी येते तेव्हा 'मे आला की बर्फ वितळेल' एवढं एकच वाक्य बोलते. आम्ही काही बोललो का कधी?"

सगळं टेबल कान टवकारून ऐकत होतं. मी म्हटलं, मी नियमांची देखरेख करते, मला शिकवू नकोस. आवाज जरा चढलाच. फादर आमच्याकडे बघून उगाचच पावाची टोपली फिरवायला लागले.

मॅरिटने अर्धा मासा तसाच टाकला. कच्चा राहिला असणार.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सहाशे चार! हुकण्याच्या पलीकडे चार!! दवाखान्यात इतक्या जोरात ओरडले की खुर्चीवरच्या पेशंटने डॉक्टरांचं बोट चावलं.

घरी जाऊन मॅरिटला सांगितलं. "छान," म्हणाली. मग विचारलं, "चौकशीचं काय झालं?"

"तू कशाला काळजी करतेस? ते शेरिलिनचं आणि माझं आहे."

ती काहीतरी बोलणार होती. मग दात घासायला गेली.

डेल म्हणतो, "तिला घोड्यांची भीती वाटते, माहितीये ना तुला? जत्रेत तट्टू शिंकलं तर गाडीत जाऊन बसली होती."

"भीती घालवायलाच कॅम्प असतो."

"कोणाची?" म्हणाला. या माणसाला टीव्ही बघताना बरं सुचतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मॅरिट परत घसरगाडी घेऊन गेली. कशाला, आता झाले ना सहाशे? म्हणाली, वृद्धाश्रमातल्या आज्यांना सांगितलं होतं, येईन म्हणून. चार पुडे.

२८ फेब्रुवारी, बुधवार

कौन्सिलचं पाकीट आलं. 'पालकांस' असा पत्ता. तक्रार फेटाळलेली नाही, अपुरी म्हणून परत केली आहे — तक्रारदार अठरा वर्षांखालील असल्यास पालकाची सही आवश्यक.

सोबत तक्रारीचा कागद. "पानावरची मुलगी मी नाही. ती आई आहे. मी दारोदार जाऊन एकतीस पुडे विकले, माझे तेवढेच धरा. आईला ओरडू नका, तिला हे खूप आवडतं. मॅरिट."

खाली सहीची रेघ रिकामी होती. ओटा पुसला, कागद त्यावर ठेवला आणि सही केली.