पावण्यांचा चहा

प्रिय शालन,

आज नदीवर तुझा दहावा झाला. पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. "बाईची काहीच इच्छा राहिली नव्हती," म्हणत लोक जीपमध्ये जाऊन बसलेसुद्धा. काय घाई होती गं तुला? आयुष्यभर पावण्यांना तिष्ठत ठेवलं नाहीस, आज तरी तास-दोन तास उन्हात उभं करायचं होतंस! त्याआधी श्रद्धांजलीला, ज्यांनी तुला धड पाहिलंही नव्हतं ते माईकवर तुझ्या मायाळूपणावर बोलले. माझ्या हातात माईक आला नाही. आला असता तर लगेच काढून घेतला असता. म्हणून हे पत्र.

पेठ गावातलं तुझं घर अगदी हायवेला. मंचरच्या बाजाराला निघालेला, नारायणगावला लग्नाला चाललेला, जो तो "आजाऱ्याला भेटून जाऊ" म्हणत उतरायचा. बिस्किटाचा पुडा आणायचा. मग तुझ्या छातीतल्या गाठीची चौकशी, कुणाची कोण याच दुखण्यानं कशी गेली त्याची वर्णनं, आणि निघताना "काही लागलं तर सांगा." तोवर अंथरुणातून उठून, स्टोव्हला पंप मारून चहा तूच केलेला असायचा. त्यातल्या एकानं तरी कप विसळला का?

"काही लागलं तर सांग" असं तू मला कधी म्हणाली नव्हतीस. आमचे हे गाडीवरून पडून पुण्याला दवाखान्यात होते, तेव्हा माझ्या दोन्ही गाई सोडून तू तुझ्या गोठ्यात नेऊन बांधल्यास. विचारलंसुद्धा नाहीस. हे घरी आले त्या दिवशी गाई परत दावणीला, घरात भाजी चिरलेली. त्या दिवसांत तुझ्याशी एक शब्द बोलावा लागला नाही मला. केवढं बरं वाटायचं!

तुझ्या वेळी मी तेच करायला आले. पुण्याला उपचाराला जाताना एसटीत तुला उलटी झाली तर म्हणून पिशवी मांडीवर धरून बसायचे. धुणं न्यायचे. तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे गं रंजे, मी काय लोळागोळा झाले व्हय?"

त्या दिवशी पुण्याहून इंजेक्शन घेऊन आलो. तुला अंथरुणावर टेकवते तोच तुझ्या चुलत नणंदेची जीप दारात. सगळी सहलीला निघाल्यासारखी नटलेली. तू उठलीस आणि स्टोव्हपाशीच कोसळलीस. नणंद काय म्हणाली आठवतं? "आता पाणी ठेवलंच हाय तर व्हऊ द्या चहा, आमाला भीमाशंकरला जायचंय." मी ते पातेलं मोरीत ओतलं. "उठा," म्हटलं, "हितं माणूस पडलंय आन् तुमाला चहा सुचतोय?"

आणि तू? डोळे उघडून मलाच म्हणालीस, "माझ्या दारातनं पावणं तसंच गेलं. लई वाईट केलंस. पुन्यांदा येऊ नको." त्यांच्यावर नाही, माझ्यावर चिडलीस! अख्खा उन्हाळा तुझं पुढचं दार मला बंद आणि पावण्यांना सताड उघडं. त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

तरी मी मागच्या दारानं येऊन मोरीतले ते कप घासून जायचे. तुला आवाज यायचा, ठाऊक आहे मला. एका दुपारी आतून हाक आलीच. "रंजे, चहा टाक. मला."

दोन घोट घेतलेस. "साखर कमी हाय," म्हणालीस. जन्मात तू कुणाकडे काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं. इतक्या उशिरा का मागितलंस गं? इच्छा राहिली नव्हती म्हणे!

तेराव्यानंतर शेजारपाजारचे डबे बंद होतील. जीपवाले तर आजच गेले. दाजींना, तुझ्या मालकांना, स्टोव्हसुद्धा पेटवता येत नाही, आणि ते कुणाला सांगणारही नाहीत. "काही लागलं तर सांगा" असं मी त्यांना म्हणणार नाही. रोज मागच्या दारानं येईन, धार काढीन, चहा टाकीन. आणि पुढच्या दारात जीप थांबलीच, तर आलेल्यांना आधी मोरी दाखवीन आणि त्यांच्याकडून कप घासून घेईन. चिडायचं तर चीड.

तुझी, साखर कमी टाकणारी,
रंजना