उघाडीच्या दोन फळ्या

मु. बांधपाडा, ता. उरण
३१ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. सुमेधास,
आजी चांगुणाचा आशीर्वाद. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, नाक न मुरडता वाच.

कोजागिरीला तुमी दोघं दुपारच्या यष्टीनं नेरूळला गेलात, आन् त्याच रात्रीच्या भरतीला खाडी शेतात शिरली. बांधातल्या उघाडीच्या, खाडीचं पानी अडवनाऱ्या दाराच्या, दोन फळ्या सुटल्या होत्या. कापनीला चार दिवस राहिले होते. आता कनसं खारात उभी हायत. सदू पाटलाचं, वेणूबाईचं, आपलं, सगळ्यांचं भात गेलं. तुझा बाप किसन तर खाली मान घालून बसलाय. दसऱ्यापासून कापनी होईस्तोवर उघाडीला कोनी हात लावायचा नाय, हा वाडवडिलांचा नेम. गावातलं कोन मोडील?

बांधाखाली झोपड्या हायत ना, द्रोणागिरीच्या रस्त्याला खडी फोडनारे, मराठवाड्याचे. मासे धरायला त्यांनीच फळ्या उचलल्या, असं गाव बोललं. बघितलं कोनी नाय. गावकीनं ठरवलं, चाळीसच्या चाळीस झोपड्यांना विहिरीचं पानी बंद. सकाळी त्यांतली गोजरा कळशी घेऊन आली. रोज माझ्याशी चार शब्द बोलनारी. मीच पुढं झाले आन् कळशी हिसकून घेतली. ती म्हनाली, आजी, मी काय केलं? मी म्हनाले, तू नाय तर तुमच्यातल्या कोनीतरी. बाया मला शाबास म्हनाल्या.

जावईबापूंना सांग, कचेरीत बसून पोट सुटतंय.

माया हाय तशी असू दे.
आजी


नेरूळ
३ नोव्हेंबर १९८५

ती. स्व. आजीस,
सुमेधाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून धक्काच बसला. उभं पीक गेलं! एकाच्या हावरटपणापायी अख्खं गाव बुडालं. तशा लोकांना थारा दिला की असंच व्हायचं. इथे सोसायटीत टाकीचं झाकण चोरीला गेलं, तर मालतीबाई जिन्यात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, हे गाववाले सगळे चोर. मी गावची, हे त्यांना ठाऊक आहे. मला किती लागलं म्हणून सांगू!

बरं, बाबांना सांग, त्यांनी दिलेला जिताडा पाच किलोचा भरला. ह्यांच्या बेलापूरच्या ऑफिसातले, तुमच्याकडच्या रस्त्याचं काम बघणारे साहेब जेवायला आले होते, बोटं चाटत होते. बाबा ओलेचिंब, धावत स्टँडवर आले होते. एवढा मासा कुठे मिळाला विचारलं, तर हसून म्हणाले, आपल्याच दारात. तुझ्या गाडीच्या घाईत सगळं तसंच टाकून आलोय.

आशीर्वाद असावा.
तुझी सुमेधा


बांधपाडा
६ नोव्हेंबर १९८५

चि. सौ. सुमेधास आशीर्वाद.

तुझं पत्र वेणूबाईच्या ओट्यावर वाचत होते. जिताड्यापाशी आले आन् पुढलं अक्षर दिसेना. कागद चोळीत खुपसून घरी आले. तुझा बाप जाळं विनत बसला होता. विचारलं, मासा कुठला? त्यानं जाळं बाजूला ठेवलं. मग बोलला. जावयाच्या साहेबासाठी दुपारच्या भरतीला त्यानंच दोन फळ्या उचलून जाळं लावलं. फळ्या परत बसवल्या, पन पाचरी ठोकायच्या राहिल्या. तुमची यष्टी सुटत होती. रात्रीच्या उधानानं फळ्या लोटून दिल्या.

आठ दिवस हा मानूस गावकीत बसून ऐकत होता! का गप्प बसलास म्हटलं, तर म्हनतो, आई, मी कोनाचं नाव घेतलं नाय, गावानं घेतलं.  गोजराची कळशी ओढली तेव्हा मी पन मनात हेच म्हनत होते, गावानं ठरवलंय, मी काय करनार.

रविवारी गावकी बसनार हाय. मी बोलनार.

आजी


नेरूळ
८ नोव्हेंबर १९८५

ती. स्व. आजीस सा. न.

 पाया पडते आजी, बोलू नकोस. गाव बाबांना वाळीत टाकील. दिवाळी तोंडावर आली आहे. ते मजूर आज इथे, उद्या तिथे. त्यांचं काय जाणार? आणि मी काही मासा मागितला नव्हता. साहेबांना जिताडा आवडतो, एवढंच म्हटलं होतं.

तुझीच सुमेधा


बांधपाडा
११ नोव्हेंबर १९८५

चि. सुमेधास आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी बोलले. तुझं ते "एवढंच" वाचलं, बापावर गेलीस.

मी सगळं सांगितलं. मग सदू पाटील म्हनाले, चांगुणाबाई, झालं ते झालं, सगळ्यांचंच थोडं थोडं चुकलं म्हनू आन् विषय मिटवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. खरा धक्का मला तिथं बसला. झोपडीतल्या एकाचं म्हटलं तेव्हा ते चाळीस घरांचं झालं. माझ्या पोराचं निघालं तर गावात वाटून कोनाचंच उरलं नाय! मी म्हनाले, पाटील, फळ्या उचलायला सगळं गाव वाकलं नव्हतं. फळ्या किसनच्या, कळशी माझी, बाकी ज्यानं त्यानं आपलं बघावं. तेव्हा किसन उठला. म्हनाला, होय, मीच. आज एकटाच उघाडीवर चिखल उपसतोय. मी भाकरी नेऊन देते, घमेलं उचलत नाय.

गावकी उठल्यावर मी गोजराची कळशी भरून झोपड्यांकडं गेले. झोपड्या नाय. तीन तीन दगडांच्या चुली तेवढ्या. वेणूबाई म्हनाली, पान्यावाचून शुक्रवारीच उठले. कुठं गेले, कोनी विचारलं नाय.

जावयाला सांग, रस्त्याच्या ठेकेदारानं ती मानसं कुठं नेली ते कचेरीत काढ. साहेबाला विचारायची लाज वाटली, तर जिताड्याची आठवन कर म्हनावं. कळशी माझ्या ओट्यावर पालथी हाय. पाटील म्हनतात, गावातर्फे मानूस धाडून पोचवू. मी नाय म्हनाले. गावानं ओढली नव्हती.

लोभ मागनं कळव, आधी पत्ता कळव.
चांगुणा