मानेला लावलेला अर्क

सूनबाई,

तुझा फोन लागेना, म्हणून लिहिते. छोटीला दवाखान्यात ठेवलंय, तिचा बाप जवळ आहे. मी तिचे कपडे न्यायला आले होते.

तिच्या मानेवरच्या नायट्याला मी माझा लसणीचा अर्क लावला. त्याने तुमच्या प्रयोगशाळेत बशीतली बुरशी मेली, हे तूच सांगितलंस. कातडीवर तपासेपर्यंत थांबा, हेही म्हणालीस. मी मनात म्हटलं, कालची पोर मला शिकवतेय. दुप्पट कडक काढला आणि पट्टी बांधली. सकाळी पट्टीबरोबर कातडीच निघाली.

डॉक्टरांना मी नुसतं तेल लावलं म्हणून सांगितलंय. ते भलतंच औषध द्यायचे. ओट्यावरची बाटली घेऊन लगेच जा, खरं काय ते सांग. घरभर चालणारी माझी जीभ तिथे एवढ्या एका शब्दाला लुळी पडली.

तुझी सासू