वाकड्या तळाच्या टाकीची कार्डं

मंगळवार संध्याकाळ, मोहोपाडा

डोकं फिरलंय. कारखान्यातल्या टाकीचा तळ वाकडा. तिच्यात उष्णता कुठं किती, ते गणित मुंबईच्या कॉम्प्युटरवर सोडवायचंय. नव्या इंजिनियरनं तळाच्या चित्रावर चौकोनांची जाळी आखली, ऑफिसातल्या सुमननं त्यातले आकडे भोकं पाडून कॉम्प्युटरच्या कार्डांवर पंच केले. तो तिच्या टेबलावर वाकून म्हणाला, "वाकडी कड पायऱ्यापायऱ्यांनी कापली, की झाली सरळ." ती हसली. एवढं हसण्यासारखं काय होतं त्यात? मला म्हणतो, "कॉलेज सोडलंस ना? मग हमाली तरी नीट कर. उद्या कार्डांचा गठ्ठा मुंबईला ने, क्रम मोडू नकोस."

मोडणारच होतो. चार कार्डं इकडची तिकडं केली, की त्याच्या टाकीत आगीशेजारी बर्फ. माझ्याकडं बघून कधी हसली ती? पण उत्तर चुकलं, की हा म्हणणार, सुमननं चुकीचं पंच केलं.

गठ्ठ्याला दुहेरी रबर लावलंय. साला तिच्यामुळं वाचला.