पुलाखालचं शीड

सूचौ, तिसऱ्या महिन्याची दुसरी. टोफूची पहिली खेप संपवून लिहायला बसले.

लाडक्या शिंगअर,

पणतू झाल्याचं कळलं आणि मी अख्ख्या गल्लीत लाल अंडी वाटली! तुझा बाळंतपणाचा महिना आता पुरा झाला ना? तरी थंड पाण्यात हात घालू नकोस. आजोबांनी दुकानांच्या पाट्या दाखवून शिकवलेली मोजकीच अक्षरं मला येतात, तेव्हा सांभाळून घे.

अगं, तुझी आजी चित्रात गेली! समोरच्या चहावाल्याच्या माडीवर फांग नावाचे चितारी वर्षभर बसले होते. राजधानीत बादशहांकडे पाठवायला आपल्या गावाचं चित्र काढत होते. चित्राचं कापड गल्लीएवढं लांब. हातभर उलगडायचं, बघायचं, गुंडाळायचं, मग पुढचं हातभर. मी रोज सकाळी त्यांना सोयाबीनचं गरम दूध द्यायचे, म्हणून बघायला मिळालं. काय काय आहे त्यात! रंगाऱ्याच्या वाळत घातलेल्या निळ्या थानांपासून उत्तरेकडून पेंड घेऊन आलेल्या होड्यांपर्यंत सगळं. छत्रीवाला वांग गिऱ्हाइकाशी भांडतोय, तोसुद्धा! मी टोफू कापतेय, तोंड मिटून. वांग म्हणाला, "तोंड मिटलेलं? मग ही तू नव्हेसच, म्हातारे!" मी म्हटलं, "तुझ्या छत्र्या चित्रात तरी गळत नाहीत, त्यात समाधान मान."

चित्रात पुलाजवळ तांदळाची नाव होती आणि काठावर दोर ओढणारे सहा जण. तिसऱ्याच्या खांद्यावर, दोर रुतू नये म्हणून, निळी गादी. तू लग्नाआधी बाबांना शिवून दिलीस ना, तीच. फांगबुवांनी ठिगळसुद्धा सोडलं नव्हतं.

शिंगअर, मागच्या दोन पत्रांत मी लिहिलं की बाबा नावेवर आहेत. ते खोटं होतं. पोटुशीला असलं कळवायचं नाही, म्हणून लिहिलं. गेल्या पानगळीत नदी फुगलेली असताना पुलापाशी दोर तुटला. दोघं पाण्यात गेले. एकच जिवंत वर आला.

आजोबांच्या शेजारी मातीत ठेवलंय माझ्या गनशेंगला. आपल्यासारख्यांची चित्रं कोण काढतं? पूजेला मांडायला काही नाही. म्हणून मी रोज दूध घेऊन माडी चढायचे. बाळाला घेऊन ये, चित्रात त्याचे आजोबा दाखवीन, असं लिहिणार होते.

परवा सरकारी साहेबांचा कारकून चित्र तपासायला आला. म्हणाला, "हे दोर ओढणारे उघडेनागडे कशाला? बादशहांना राज्यात सुख दिसलं पाहिजे. इथं शीड काढा."

फांगबुवा म्हणाले, "पुलाखालून जाताना डोलकाठी आडवी करतात, साहेब. शीड उभं असलं तर आपटेल."

"राजधानीतून कोण बघायला येतंय?"

मी गुडघे टेकले. म्हटलं, "तेवढा वीतभर तुकडा कापून द्या मला." कारकून हसला. फांगबुवा माझ्याकडे बघेचनात. "आजी, माझ्या हातात कुंचला आहे, चित्र नाही," एवढंच म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोर पांढरा जाड रंग लावला. आधी काठावरचे पाय गेले, मग वाकलेल्या पाठी. निळी गादी बराच वेळ खालून दिसत राहिली. त्यावर दुसरा हात दिला. मी दूध परत घेऊन खाली आले आणि तेच गिऱ्हाइकाला विकलं. दुसरं काय करणार होते?

काल चित्र पेटीत घालून नावेनं गेलं. ती नाव दोर लावूनच ओढत नेली.

उद्या कबरी झाडायला जायचंय, तुझ्या नावाची उदबत्ती मी लावीन. बाळ मोठं झालं की त्याला सांग, बादशहांच्या घरी एक चित्र आहे. त्यात आपल्या पुलाखालून एक नाव शीड उभारून जाते. तशी नाव कुठंच जात नाही. त्या शिडाखाली तुझे आजोबा आहेत, आता त्यांना ओढावं लागत नाही.

एवढंच तुला देता आलं, पोरी.

गनशेंगची आई,
तुझी आजी