सर्वानुमते मंजूर

५ जानेवारी, अंबाजोगाई
रविवारी पक्षाच्या अभ्यासवर्गात बोलायचंय: सोव्हिएत युनियन का कोसळलं? तालुका सचिव म्हणून विषय मीच मागून घेतला, आता पस्तावतोय. टिपणं काढली. शस्त्रस्पर्धा, तुटवडा, नोकरशाही. सगळं पाठ आहे. स्वतःचाच कंटाळा आला.

७ जाने.
जुनी इतिवृत्तं चाळत बसलो. मारुतीच्या हकालपट्टीचा ठराव निघाला. मेंढ्या राखणारा गडी, पक्षानं पाठवलं म्हणून आमच्यातला एकटाच रशिया बघून आलेला. परत आल्यावर बैठकीत उभा राहून म्हणाला, "दुकानात सामान न्हाई अन् इचारायची कुनाची छाती न्हाई. हे लई दिस चालत न्हाई." चाललंही नाही. पण त्याआधी आम्ही त्यालाच काढला. 'सर्वानुमते मंजूर.' अक्षर माझं. आणि चांगलं आठवतंय, ते मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. आमच्यात इतिवृत्त आधी, बैठक नंतर. अजूनही तसंच. हात वर होणार हे ठरलेलंच.
माझी मलाच लाज वाटतेय.

९ जाने.
मांजरसुंब्याला उतरून त्याच्या गावी गेलो. खाटेवर पडून आहे. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितलेत. पक्षाचं जुनं कार्ड अजून उशाखाली.
"कावून आलास बे मास्तर?"
म्हटलं, चूक झाली, ठराव मागे घेतो. सभासद हो परत. त्यानं उशाखालचं कार्ड चाचपलं. मग म्हणाला, "तू नगं. लोकायला इचार. त्यायच्या मनात आसंल तर येतो."

११ जाने., रवि.
भाषण केलंच नाही. मुद्दाम इतिवृत्त कोरं ठेवून ठराव वाचायला घेतला. "मारुती यांची हकालपट्टी..." एवढ्यातच सगळे हात वर. 'रद्द' हा शब्द अजून तोंडातच होता. म्हटलं, अरे, हात कशाला वर केलेत? आमचा बालाजी, विशीतला कार्यकर्ता, म्हणाला, "सर, तुमी मांडलं म्हंजी बरुबरच आसंल." वर टाळ्या.
ज्यावर बोलायचं होतं ते समोरच बसलं होतं. आणि ते मीच तसं बसवलंय. घरी येऊन रडलो.

१२ जाने.
मारुतीला सांगितलं, हकालपट्टी रद्द. डोळे न उघडता विचारलं, "कुनी नको म्हनलं का?"
"नाही. एकानंही नाही."
"मंग न्हाई येत मी."
कूस बदलून घेतली. त्याच्या सुनेनं केलेला चहा तसाच राहिला.

१४ जाने.
पान अजून कोरं. रविवारी परत बैठक बोलावलीय. निरोपात स्पष्ट लिहिलं, की ज्याला ठरावाविरुद्ध बोलायचं असेल त्यानं बेलाशक बोलावं, मला राग येणार नाही. मारुती तोवर राहतो की...
रात्रीपर्यंत सगळ्यांची उत्तरं आली. बालाजीचं सगळ्यात आधी: "येतो सर. इरोधात काय बोलायचं तेवढं लिहून द्या."