खिडकीपाशी की भिंतीला

अगं, ऐकतेस ना,

मी बनवलेलं ते स्टूल तू रोज भिंतीला सरकवायचीस आणि मी उजेडासाठी पुन्हा खिडकीपाशी ओढायचो.

"सुतारबुवा, एक दिवस पाय मोडेल माझा!"

"मग बघून चालावं माणसानं!"

अशा बोलाचालीतच एक दिवस तू पिशवी भरून भावाकडे निघून गेलीस.

अजूनही मी सकाळी स्टूल खिडकीपाशी ठेवतो, कुलूप लावून कामाला जातो. संध्याकाळी ते भिंतीला असतं. दुसरी किल्ली तुझ्याकडे, म्हणून वाटलं, तू येऊन जात असशील. बरं वाटलं गं. पण तुझा भाऊ म्हणाला, "ताई तर घराबाहेरच पडत नाही, दाजी."

काल देवाला हात जोडले, म्हटलं, तिचंच खरं. स्टूल स्वतःच्या हाताने भिंतीला लावलं आणि गेलो. संध्याकाळी ते खिडकीपाशी होतं.

म्हणजे ते स्टूल ना तुझ्या बाजूचं आहे, ना माझ्या. त्याला फक्त भांडण हवंय.

तू परत यावंस असं फार वाटतं. पण आलीस तर त्याला पुन्हा आपण दोघं मिळू. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. आत्ता त्याच्यावरच बसून लिहितोय. उठायचा धीर होत नाही.

तुझाच,
सुतारबुवा